संतांकडून रोजच्या जगण्यात काय शिकावे? मुलांसाठी पाच कॅथलिक संतांच्या गोष्टी



संत म्हटले की आपल्याला पटकन ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम, जनाबाई आठवतात. आषाढी एकादशी आली की शाळेत दिंडी निघते, मुले टाळ वाजवतात, मुली डोक्यावर तुळस घेतात. पण वसईतल्या, नगर जिल्ह्यातल्या किंवा मुंबईतल्या एखाद्या कॅथलिक घरातल्या मुलाला हाच प्रश्न विचारा. तो आणखी काही नावे सांगेल. संत अंतोनी, संत फ्रान्सिस झेवियर, मदर तेरेसा, संत गोन्सालो गार्सिया. चर्चमध्ये त्यांचे पुतळे असतात, गावचा सण असतो, मिरवणूक असते. कित्येक मुलांची नावेसुद्धा या संतांवरूनच ठेवलेली असतात.

पण एक अडचण आहे. चित्रातल्या संताच्या डोक्यामागे तेजाचे वलय असते, नजर आकाशाकडे असते आणि हात जोडलेले असतात. ते चित्र बघून मुलाला वाटते, हा माणूस कधी चिडला नसेल, कधी भांडला नसेल, याचा अभ्यास कधी राहिला नसेल. मग त्याचा माझ्याशी काय संबंध? माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने मला एकदा विचारले होते, "मॅडम, संत लहानपणी कधी ओरडा खायचे का हो?" वर्ग हसला. पण प्रश्न फार खरा होता. त्याला विचारायचे होते की माझ्यासारखा मुलगा चांगला माणूस होऊ शकतो का.

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. इथे चमत्कारांच्या गोष्टी फारशा नाहीत. या माणसांनी रोजच्या दिवसाचे काय केले, ते आपण बघणार आहोत.

कॅथलिक संत म्हणजे नेमके कोण?

आपल्या वारकरी संतांना 'संत' ही पदवी कोणी कागदावर लिहून दिली नाही. लोकांनी त्यांना संत मानले आणि ते संत झाले. कॅथलिक चर्चमध्ये मात्र यासाठी एक ठरलेली पद्धत आहे. व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या आयुष्याची चौकशी होते. तिचे लेखन तपासतात, तिला ओळखणाऱ्या लोकांच्या साक्षी घेतात. सर्वसाधारणपणे तिच्याकडे केलेल्या प्रार्थनेने चमत्कार घडला का, हेही तपासतात. आधी त्या व्यक्तीला 'धन्यवादित' म्हणून घोषित करतात आणि पुढे पोप तिला 'संत' म्हणून जाहीर करतात.

या कामाला कधी थोडा, तर कधी खूपच वेळ लागतो. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये गेले आणि १८६२ मध्ये संत झाले. म्हणजे तब्बल २६५ वर्षे! पेरूचे मार्टिन यांना तर ३२३ वर्षे लागली. उलट कार्लो अकुतिस हा इटलीतला मुलगा २००६ मध्ये गेला आणि २०२५ मध्ये संत झाला.

अजून एक गोष्ट मुलांना नीट सांगावी. कॅथलिक लोक भक्ती देवाची करतात. संतांना ते म्हणतात, "आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा." म्हणजे संत हा आपल्या आधी वाट चालून गेलेला मोठा भाऊ किंवा मोठी बहीण. दरवर्षी १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण असतो. ज्यांची नावे कोणालाच माहीत नाहीत, अशा चांगल्या माणसांचीही त्या दिवशी आठवण करतात. मला हा भाग फार आवडतो, कारण त्यात एखाद्याची आजीही येते आणि एखादा रिक्षावाला काकाही येतो.

आता गोष्टींकडे वळू.

१. संत गोन्सालो गार्सिया : नकार मिळाला तरी

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. साधारण १५५६-५७ च्या सुमारास तिथे गोन्सालोचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. जेझुइट धर्मगुरूंकडे त्याचे शिक्षण झाले. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो त्यांच्याबरोबर जहाजाने थेट जपानला गेला. आजच्या हिशोबाने नववी-दहावीतला मुलगा! तिथली भाषा वेगळी, लिपी वेगळी, जेवण वेगळे. पण गोन्सालोने लोकांत मिसळून जपानी भाषा इतकी चांगली शिकून घेतली की धर्मगुरूंना त्याच्यावाचून चालेना.

त्याला स्वतःला जेझुइट संघात जायचे होते. त्याने तसे विचारले, पण त्याला घेतले नाही. बरीच वर्षे मन लावून काम केले आणि शेवटी नकार मिळाला. काय वाटले असेल? तो तिथून निघाला आणि व्यापारी झाला. व्यापार चांगला चालला, पैसाही आला, पण मनातली इच्छा गेली नाही. पुढे फिलिपिन्समधल्या मनिला शहरात तो फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये त्या संघाचे लोक जपानला निघाले, तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता. तरुणपणी शिकलेली भाषा इथे कामाला आली. क्योटो शहरात या मंडळींनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. नंतर तिथल्या सत्ताधीशाचा रोष झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी इथे २६ जणांना क्रूसावर चढवून मारण्यात आले. त्यात गोन्सालो होते. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत. वसई तालुक्यात गास गावचे चर्च त्यांच्याच नावाने आहे.

लहान मुलांना ही गोष्ट सांगताना शेवटचा प्रसंग फार रंगवून सांगू नये. मुले घाबरतात आणि मधली मोलाची गोष्ट विसरतात. मधली गोष्ट ही, की नकार मिळाल्यावर गोन्सालोने शिकलेले फेकून दिले नाही.

आपल्या मुलांनाही नकार मिळतात. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव येत नाही. नवोदयला निवड होत नाही. कबड्डीच्या संघात घेत नाहीत. तेव्हा मूल म्हणते, "जाऊ दे, आता मी काही करणारच नाही." अशा वेळी सांगावे, की बाळा, तू केलेला अभ्यास कोणी परत घेतला का? तो तुझ्याकडेच आहे. आज नाही तर उद्या तो कुठे तरी उपयोगी पडेल.

करून बघा : वर्गात वेगळी भाषा बोलणारे मूल असतेच. कोणी घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलतो, कोणी वारली, तर वसईकडचा कोणी कादोडी. त्या मित्राकडून त्याच्या घरातल्या भाषेचे दहा शब्द शिका. पाणी, भाकरी, आई, ये, बस. बघा, त्याच्या चेहऱ्यावर काय फरक पडतो!

२. संत जॉन बॉस्को : मारून नाही, जवळ घेऊन

मुंबईत 'डॉन बॉस्को' हे नाव शाळांमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण हा डॉन म्हणजे सिनेमातला डॉन नाही हं! इटलीत धर्मगुरूंना आदराने 'डॉन' म्हणतात.

जॉनचा जन्म १८१५ मध्ये इटलीतल्या एका खेड्यात गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा वडील वारले. आई मार्गेरिता हिने शेतात राबून मुलांना वाढवले. जॉनला शिकायची फार हौस. पण मोठ्या सावत्र भावाला वाटे, शेतात हात हवेत, पुस्तके कशाला? घरात रोज वाद होत. शेवटी जॉनला लहान वयातच दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून कामाला जावे लागले. शिक्षण थांबले, पण सुटले नाही. पुढे त्याने शिवणकाम केले, चपला-बूट शिवायला शिकला, काम करत करत शिकत राहिला.

या मुलाला एक छंद होता. जत्रेतल्या डोंबाऱ्याकडे बघून तो दोरीवर चालायला, चेंडू झेलायला, जादू दाखवायला शिकला. गावातली मुले-माणसे खेळ बघायला जमत. तिकीट काय? तर सगळ्यांनी मिळून एक प्रार्थना म्हणायची!

त्याने स्वतः लिहून ठेवले आहे की नवव्या वर्षी त्याला एक स्वप्न पडले. खूप मुले भांडत होती, शिव्या देत होती. जॉन त्यांना गप्प करायला ठोसे मारत धावला. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि सांगितले की ही मुले मारून नाही, प्रेमाने आपली होतील. आता त्या चौथीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर बघा. हा होणारा संत स्वप्नातसुद्धा मारामारी करत होता!

१८४१ मध्ये जॉन धर्मगुरू झाला आणि तुरीन शहरात आला. तिथे कारखाने वाढत होते. खेड्यांतून कामासाठी आलेली पोरे रस्त्यावर झोपत. काही तर तुरुंगात होती. त्याच वर्षी डिसेंबरात चर्चमध्ये एका अनाथ मुलाला तिथल्या सेवकाने हाकलून दिले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले आणि हा माझा मित्र आहे असे सांगितले. त्यांनी त्याला विचारले, वाचता येते का? नाही. लिहिता येते का? नाही. गाता येते का? नाही. मग विचारले, शिट्टी वाजवता येते का? पोरगा हसला. तिथून त्यांच्या कामाला सुरुवात झाली.

शिक्षक म्हणून मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. पहिले तीन प्रश्न मुलाला काय येत नाही ते दाखवणारे होते. चौथा प्रश्न त्याला काय येते ते शोधणारा होता. आपण वर्गात पहिले तीन प्रश्न रोज विचारतो. चौथा कधी विचारतो?

डॉन बॉस्को एवढ्यावर थांबले नाहीत. कामाला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी मालकांबरोबर लेखी करार केले. मुलाला धंदा नीट शिकवायचा, मारायचे नाही, सुट्टी द्यायची, अशा अटी त्यात असत. प्रेम म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. मुलाच्या बाजूने उभे राहणे म्हणजेही प्रेम.

करून बघा : शेजारच्या बाकावरच्या मित्राला किंवा मैत्रिणीला काय छान येते ते शोधा आणि सगळ्यांसमोर सांगा. "याला पतंग मस्त उडवता येतो." "हिला कोंबडीचा हुबेहूब आवाज काढता येतो." अभ्यासातलेच असायला पाहिजे असे नाही.

३. लिझ्यूची संत तेरेसा : छोट्या गोष्टी, मोठे मन

ही गोष्ट फ्रान्समधली. तेरेसाचा जन्म १८७३ चा. ती चार वर्षांची असताना आई गेली. घरात सगळ्यांत धाकटी, लाडाची आणि अतिशय रडवी. कोणी काही बोलले की रडायचे. मग आपण रडलो म्हणून पुन्हा रडायचे! हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे.

१८८६ चा नाताळ. तिकडे नाताळच्या रात्री मुलांच्या बुटांत खाऊ आणि भेटवस्तू ठेवायची पद्धत होती. तेरेसा जवळजवळ चौदा वर्षांची झाली होती, तरी तिच्यासाठी ते करत. त्या रात्री दमलेले वडील म्हणाले की बरे झाले, हे शेवटचे वर्ष. जिन्यात असलेल्या तेरेसाच्या कानावर ते पडले. डोळे भरून आले. आता ही रडणार, सण बिघडणार, असे बहिणीला वाटले. पण तेरेसाने अश्रू गिळले, खाली आली आणि हसत हसत एकेक वस्तू काढून वडिलांना दाखवू लागली. वडीलही खुलले. बाहेरून बघणाऱ्याला यात काय दिसले असते? काहीच नाही. पण तेरेसा म्हणते की त्या रात्री ती बदलली.

पंधराव्या वर्षी ती लिझ्यू गावच्या मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी क्षयरोगाने वारली. तिने मोठे रुग्णालय काढले नाही. मठात कपडे धुताना समोरच्या सिस्टरच्या हातून तिच्या तोंडावर घाण पाणी उडायचे. ती चिडायची नाही. एक सिस्टर तिला मुळीच आवडत नसे, तर तिच्याशी ती मुद्दाम जास्त प्रेमाने वागे. एक म्हातारी सिस्टर सतत कुरकुर करायची. हळू चाललीस तर का, भरभर चाललीस तर का! तिला रोज संध्याकाळी हाताला धरून जेवायला न्यायचे काम तेरेसाने स्वतःहून घेतले. मोठी कामे जमली नाहीत तरी छोटी कामे मोठ्या प्रेमाने करता येतात, हा तिचा साधा मार्ग होता.

पुढे एका मुलीने या तेरेसाचे नाव घेतले. ती मुलगी म्हणजे आपल्या मदर तेरेसा. कोलकात्याच्या रस्त्यावर मरायला टेकलेल्या माणसाचे अंग पुसणे, त्याला पाणी पाजणे, हे त्यांचे काम. लिझ्यूच्या मठात सुरू झालेला छोट्या कामांचा हा धागा असा आपल्या देशात पोहोचला.

करून बघा : घरी आजी-आजोबा असतील तर रोज एकच काम ठरवून घ्या. चष्मा शोधून देणे, गोळ्यांची आठवण करणे, फोनवर नातेवाइकांचा नंबर लावून देणे. आजी कुरकुर करेल. करू दे.

४. संत मार्टिन डी पोरेस : झाडू हातात घेणारा संत

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. त्याची राजधानी लिमा. तिथे १५७९ मध्ये मार्टिनचा जन्म झाला. वडील स्पॅनिश सरदार, आई गुलामगिरीतून मुक्त झालेली काळी स्त्री. मुलाचा रंग आईवर गेला. वडिलांनी सुरुवातीला त्याला आपला म्हणायलाच नकार दिला. घरी गरिबी होती. बाराव्या वर्षी तो एका न्हाव्याकडे शिकायला राहिला. त्या काळी न्हावी केस कापत, तशीच जखमांवर मलमपट्टीही करत, औषधेही देत. मार्टिन हे सगळे शिकला.

पुढे तो डॉमिनिकन मठात गेला. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे काळ्या आणि मूळ रहिवासी वंशाच्या लोकांना मठाचे पूर्ण सदस्य होता येत नसे. मार्टिनला नोकर म्हणून ठेवले. झाडलोट, धुणे, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा. ज्या हातांना कमी लेखले, त्याच हातांनी तो गोरा, काळा, मूळ रहिवासी, सगळ्यांच्या जखमा बांधू लागला. मठातले आजारी धर्मगुरूही त्याच्याकडे येत आणि रस्त्यावरचे भिकारीही. बऱ्याच वर्षांनी, १६०३ मध्ये, नियम बाजूला ठेवून त्याला ब्रदर म्हणून स्वीकारले. शहरातल्या अनाथ मुलांसाठीही त्याने घर उभे केले. आजही मार्टिनच्या चित्रात त्याच्या हातात झाडू असतो. पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीत खात असतात. ही उंदीर-मांजराची गोष्ट लोक प्रेमाने सांगत आले आहेत, ती तशीच सांगावी.

मराठी माणसाला झाडू म्हटले की कोण आठवते? अर्थातच गाडगेबाबा! देश वेगळा, धर्म वेगळा, काळ वेगळा, पण हातात तोच झाडू. आणि जन्मावरून दाराबाहेर ठेवले गेल्याचे दुःख म्हटले की आपले संत चोखामेळा आठवतात. मुलांना ही तीन नावे एकत्र सांगावीत. मग त्यांना कळते की माणसाला जन्मावरून कमी लेखणे हा आजार सगळ्या जगात होता. आणि तो संपला असे अजूनही म्हणता येत नाही.

इथे आपण वर्गाकडे नीट बघू या. वर्ग कोण झाडते? नेहमी मुलीच का झाडतात? नेहमी तीच दोन-चार मुले का झाडतात? कोणाच्या पाण्याच्या बाटलीला कोणी तोंड लावत नाही? डबा खाताना कोण एकटे बसते? मार्टिनची गोष्ट सांगून झाल्यावर वर्गात हेच चित्र राहिले, तर गोष्ट वाया गेली असे समजावे.

करून बघा : झाडण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने लावा. मुलगा-मुलगी, हुशार-कच्चा, कोणालाही सूट नाही. आठवड्यातून एक दिवस शिक्षकांनीही झाडू घ्यावा. मुले आपल्या बोलण्यापेक्षा आपले हात जास्त बघतात.

५. संत कार्लो अकुतिस : मोबाईलच्या काळातला मुलगा

आता अगदी अलीकडची गोष्ट. कार्लोचा जन्म ३ मे १९९१ रोजी लंडनमध्ये झाला आणि तो इटलीतल्या मिलान शहरात वाढला. जीन्स घालायचा, फुटबॉल आवडायचा, व्हिडिओ गेमही खेळायचा. संगणकाची त्याला विलक्षण आवड. मोठ्यांची पुस्तके वाचून तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि त्याने आपल्या श्रद्धेशी संबंधित माहितीची एक वेबसाईट तयार केली. व्हिडिओ गेमचा नाद लागू नये म्हणून त्याने स्वतःला आठवड्यातून एकच तासाची मर्यादा घातली होती, असे त्याच्याबद्दल सांगतात. खाऊचे पैसे साठवून तो रस्त्यावर झोपणाऱ्या लोकांसाठी वस्तू नेत असे. शाळेत कोणी दिव्यांग मुलांना चिडवले तर तो त्यांच्या बाजूने उभा राहायचा. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केले.

मुलांना ही गोष्ट लगेच जवळची वाटते. कारण यात मोबाईल वाईट, संगणक वाईट असा उपदेश नाही. कार्लोने यंत्र सोडले नाही. यंत्राने आपल्याला धरून ठेवू नये, एवढेच त्याने पाहिले. फरक कळला ना? तुम्ही मोबाईलवर काही बनवता, की नुसते बोटाने वर सरकवत राहता?

करून बघा : या रविवारी मोबाईलवर एक उपयोगी गोष्ट तयार करा. आजीच्या रेसिपीचा व्हिडिओ, गावातल्या झाडांचे फोटो आणि नावे, धाकट्या भावासाठी रेकॉर्ड केलेली गोष्ट. आणि हो, वेळ आधी ठरवा. ठरलेली वेळ संपली की फोन स्वतःच्या हाताने आईकडे द्या.

पालक आणि शिक्षकांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट, तुलना नको. "बघ, तो संत कसा होता आणि तू कसा आहेस!" असे म्हटले की मुलाला त्या संताचा रागच येतो. गोष्ट सांगा आणि थांबा. तात्पर्य मुलांना काढू द्या.

दुसरी गोष्ट, इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या सांगा. "असे घडले" आणि "असे सांगतात" या दोन शब्दप्रयोगांतला फरक मुलांना कळतो. चौथीच्या मुलालाही कळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सहनशीलता आणि अन्याय सोसणे एक नाही. तेरेसाने अंगावर उडालेले पाणी सहन केले, म्हणून मुलाने मार, अश्लील बोलणे किंवा नकोसा स्पर्श गप्प राहून सहन करायचा नाही. संतांच्या गोष्टी ऐकून एखादे मूल "मी चांगला आहे म्हणून कोणाला सांगणार नाही" असे ठरवत असेल, तर ती गोष्ट आपण चुकीची पोहोचवली. मुलांना स्पष्ट सांगा, की असे काही झाले तर आई-बाबांना, शिक्षकांना लगेच सांगायचे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक पाठ असू द्या. डॉन बॉस्कोंनी करारात 'मारायचे नाही' ही अट घातली होती, हे याच वेळी सांगावे.

चौथी गोष्ट, वर्गात सगळ्या धर्मांची मुले असतात. म्हणून या गोष्टी एका चांगल्या माणसाचे चरित्र म्हणून सांगाव्यात. त्या माणसाची श्रद्धा लपवू नये, कारण तिच्यातूनच त्याला बळ मिळाले. पण ऐकणाऱ्या मुलावर ती लादूही नये. कॅथलिक मुलाला सावता माळी कळावेत आणि मराठी शाळेतल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलांना मार्टिन कळावा. असे झाले तर मुले एकमेकांच्या सणाला नुसता फराळ खायला जाणार नाहीत, त्या सणाची गोष्टही समजून घेतील.

एक सोपा उपक्रम : माझ्या नावाची गोष्ट

प्रत्येक मुलाने घरी जाऊन विचारायचे, माझे नाव कोणी ठेवले आणि का ठेवले? अंतोनी, मार्टिन, तेरेसा या मुलांना त्यांच्या संताची गोष्ट मिळेल. ज्ञानेश्वर, मुक्ता, यांनाही मिळेल. आयेशा, राहुल, भीमराव यांच्या नावामागेही गोष्ट आहे. कोणाचे नाव आजोबांवरून असेल, तर आजोबांची गोष्ट आणायची. वहीत पाच ते आठ ओळी लिहायच्या. शेवटी एक ओळ : "या नावाच्या माणसाची कोणती एक गोष्ट मला करायला आवडेल?"

स्वाध्याय

१. गोन्सालो यांना नकार मिळाल्यावर त्यांनी काय काय केले? तुला कधी नकार मिळाला होता का?
२. डॉन बॉस्कोंनी विचारलेला चौथा प्रश्न कोणता? तो का महत्त्वाचा आहे?
३. तेरेसाने नाताळच्या रात्री जे केले ते सोपे होते की अवघड? तुझे मत लिही.
४. मार्टिन आणि गाडगेबाबा यांच्यात कोणते साम्य दिसते?
५. तुझ्या ओळखीत असा कोण आहे, ज्याला तू १ नोव्हेंबरला मनातल्या मनात आठवशील?

पाचव्या प्रश्नाला मुले काय लिहितात ते जरूर वाचा. त्यात मोठी नावे बहुधा नसतील. शेजारची काकू असेल, स्कूलबसचे मामा असतील, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी असतील. चांगली माणसे आपल्या आजूबाजूला आहेत, हे मुलाला दिसायला लागले म्हणजे धडा शिकून झाला. संत लहानपणी ओरडा खायचे का? हो, खात असणार. नंतर त्यांनी काय केले, ते महत्त्वाचे.